लिनक्सवर युजर आणि ग्रुप कमांड लाइनवरून कसे सांभाळायचे

नवीन माणसाचं अकाउंट उघडायला मिनिटभर पुरतं, पण तेच अकाउंट दोन वर्षांनी बंद करायची वेळ आली की खरी शोधाशोध सुरू होते. त्याच्या फाइली कुठे कुठे पडल्यात, कुठल्या ग्रुपमध्ये टाकलं होतं, सुडो (सगळे अधिकार असलेल्या 'रूट' अकाउंटच्या नावाने कमांड चालवायची परवानगी) दिलं होतं का, त्याच्या नावाने रात्री एखादं स्क्रिप्ट चालतंय का, हे सगळं तेव्हा बघावं लागतं. त्यामुळे या लेखात अकाउंट उघडण्यापेक्षा ते बदलण्यावर आणि बंद करण्यावर जास्त भर दिलाय, कारण गोंधळ तिथेच होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना त्या इंग्रजीत आणि स्मॉल अक्षरांत टाकायच्या, कॅपिटल जिथे लागेल तिथे तसं सांगेन. आणि शक्य तिथे एका अक्षराच्या ऑप्शनऐवजी दोन डॅशवाला पूर्ण शब्दाचा ऑप्शन वापरलाय, कारण सहा महिन्यांनी हिस्टरी चाळताना '--अपेंड' वाचलं की लगेच कळतं काय केलं होतं, नुसतं 'ए' वाचून मॅन्युअल उघडावं लागतं. हे सगळं लिनक्ससाठी आहे, मॅकवर आणि बीएसडीवर कमांड वेगळ्या आहेत.

नाव आपल्यासाठी, नंबर मशीनसाठी

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे डोक्यात पक्कं करा: कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) 'मीरा' वगैरे काही माहीत नसतं, त्याला फक्त नंबर माहीत असतो. त्या नंबरला यूआयडी म्हणतात, ग्रुपच्या नंबरला जीआयडी. डिस्कवर फाइलीसोबत मालक म्हणून जे लिहिलेलं असतं ते 1003 असं काहीतरी असतं, आणि 'एलएस -एल' (फाइलींची सविस्तर यादी दाखवणारी कमांड) मारल्यावर तिथे नाव दिसतं ते फक्त एलएसने यादीत शोधून आपल्याला दाखवलेलं असतं.

ती यादी बघायची तर:

गेटएंट पासडब्ल्यूडी मीरा

(पासडब्ल्यूडी म्हणजे पासवर्डचंच छोटं रूप, मधले ओ आणि आर टाइप करायचे नाहीत.) उत्तर साधारण असं येतं:

मीरा:एक्स:1003:1003:मीरा रिपोर्ट टीम:/होम/मीरा:/बिन/बॅश

कोलनने वेगळे केलेले सात रकाने आहेत. पहिलं लॉगिनचं नाव, मग 'एक्स' म्हणजे पासवर्ड इथे नाही तो शॅडो फाइलमध्ये आहे, मग यूआयडी, मग मुख्य ग्रुपचा जीआयडी, मग माणसाबद्दलची माहिती, होम डिरेक्टरी, आणि शेवटी लॉगिन झाल्यावर चालू होणारं शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम. ही लाइन '/एटसी/पासडब्ल्यूडी' या फाइलमध्ये असते आणि ती फाइल थेट उघडूनही दिसते, पण गेटएंटची सवय लावा. कंपनीत अकाउंट एलडॅपसारख्या सेंट्रल सर्व्हरवरून येत असतील तर ती या फाइलमध्ये नसतातच, गेटएंट दोन्हीकडे शोधतं.

पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला, उलटा न फिरणारा कोड) '/एटसी/शॅडो' मध्ये असतो आणि ती फाइल साध्या युजरला वाचता येत नाही. त्यात नऊ रकाने असतात, पासवर्ड शेवटचा कधी बदलला, किती दिवस चालेल, अकाउंट कधी संपणार वगैरे, आणि तारखा असतात 1 जानेवारी 1970 पासूनच्या दिवसांच्या मोजणीत, त्यामुळे 20000 च्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नका. ग्रुप '/एटसी/ग्रुप' मध्ये, त्यात चारच रकाने.

नंबरांची वाटणी अशी आहे: 0 म्हणजे रूट, 1000 च्या खालचे नंबर सिस्टमच्या आणि सर्व्हिसच्या अकाउंटला, 1000 पासून पुढे माणसं. रेड हॅटच्या (फेडोरा, डेबियन, उबुंटूसारखाच लिनक्सचा एक प्रकार) जुन्या व्हर्जनमध्ये माणसं 500 पासून सुरू व्हायची, व्हर्जन 7 पासून तिथेही 1000 झालं. या मर्यादा '/एटसी/लॉगिन.डेफ्स' मध्ये लिहिलेल्या असतात. आणि यूआयडी 0 असलेलं कुठलंही अकाउंट रूटच असतं, नाव काहीही असो, हे लक्षात ठेवा.

अकाउंट उघडणं

सुडो युजरऍड --क्रिएट-होम --शेल /बिन/बॅश --कमेंट "मीरा रिपोर्ट टीम" मीरा
सुडो पासडब्ल्यूडी मीरा

'--क्रिएट-होम' आणि '--शेल' दोन्ही स्वतःहून लिहा. रेड हॅट आणि फेडोरावर होम आपोआप बनतं पण डेबियन आणि उबुंटूवर युजरऍड नुसतं चालवलं तर होम डिरेक्टरी बनतच नाही आणि शेल म्हणून साधं '/बिन/एसएच' मिळतं, मग तो माणूस लॉगिन करतो आणि वरच्या बाणाने आधीची कमांडही येत नाही, तो म्हणतो मशीन बिघडलंय.

ऍडयुजर नावाचीही एक कमांड आहे, शब्द उलटे. डेबियन-उबुंटूवर ते वेगळं स्क्रिप्ट आहे, एकेक प्रश्न विचारतं, होमही बनवतं, पासवर्डही मागतं, हाताने एखादंच अकाउंट उघडायचं असेल तर छान आहे. रेड हॅटवर मात्र ऍडयुजर ही युजरऍडचीच लिंक आहे. म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहायचं असेल तर युजरऍडच लिहा, वरचे ऑप्शन लिहून दिले की ते सगळीकडे सारखं वागतं.

होममध्ये सुरुवातीला ज्या फाइली येतात (बॅशआरसी वगैरे) त्या '/एटसी/स्केल' (एस-के-ई-एल) या फोल्डरमधून कॉपी होतात. प्रत्येक नव्या माणसाला एखादी सेटिंग किंवा सूचनांची फाइल मिळावी असं वाटत असेल तर ती तिथे ठेवून द्या, जुन्या युजरना ती जाणार नाही एवढंच.

पासवर्ड तुम्ही ठरवून दिलात तर पहिल्याच लॉगिनला तो बदलायला लावा:

सुडो पासडब्ल्यूडी --एक्स्पायर मीरा

युजरऍडला '--पासवर्ड' नावाचा ऑप्शन आहे, तो बघून मोह होतो, पण त्याला साधा पासवर्ड चालत नाही, हॅश द्यावा लागतो. साधा पासवर्ड लिहिलात तर कमांड मुकाट्याने चालते, एरर येत नाही, आणि लॉगिन मात्र होत नाही. शिवाय कमांडमध्ये लिहिलेलं सगळं हिस्टरीत राहतं. एकदम वीस-तीस अकाउंट असतील तर 'चपासडब्ल्यूडी' (सी, एच आणि पुढे पासडब्ल्यूडी) वापरा, ती कमांड नाव, कोलन, पासवर्ड अशा ओळी इनपुटमधून वाचते. काम झालं की ती यादीची फाइल ठेवू नका.

पासवर्ड किती दिवसांनी बदलायला लावायचा ते 'चेज' या कमांडने ठरतं, स्पेलिंग सी-एच-ए-जी-ई, 'चेंज' नाही. 'सुडो चेज --लिस्ट मीरा' म्हटलं की सगळ्या तारखा दिसतात आणि '--मॅक्सडेज 90' दिलं की नव्वद दिवसांची मुदत लागते. माझं मत विचाराल तर सक्तीने दर तीन महिन्यांनी बदलायला लावू नका, लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात आणि मोकळे होतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलं, ठराविक काळाने बदलायची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याची शंका असेल तेव्हा बदलायला लावा. कंत्राटावर आलेल्या माणसासाठी मात्र अकाउंटचीच शेवटची तारीख घालून ठेवा, ती खूप कामाची गोष्ट आहे:

सुडो चेज --एक्स्पायरडेट 2027-03-31 मीरा

एखाद्या प्रोग्रॅमसाठी अकाउंट हवं असेल, माणसासाठी नाही, तर 'सुडो युजरऍड --सिस्टम --शेल /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन' आणि पुढे नाव. नंबर 1000 च्या खालचा मिळतो आणि त्या नावाने कोणी शेल उघडू शकत नाही.

ग्रुप, आणि ती एक धोक्याची कमांड

परवानग्या एकेका माणसाला देत बसू नका, ग्रुपला द्या आणि माणसं ग्रुपमध्ये टाका-काढा. ग्रुप बनवणं सोपं आहे:

सुडो ग्रुपऍड रिपोर्ट

आता मीराला त्यात टाकायचंय:

सुडो युजरमॉड --अपेंड --ग्रुप्स रिपोर्ट मीरा

इथे '--अपेंड' विसरलात तर काय होतं ते नीट बघा. समजा मीरा आधीपासून 'सुडो', 'ऑडिओ' आणि 'बॅकअप' ग्रुपमध्ये आहे. अपेंडशिवाय ही कमांड चालवली की युजरमॉडला वाटतं की तुम्ही ग्रुपची पूर्ण नवी यादी देताय, आणि ते तिघेही ग्रुप जातात, उरतो फक्त रिपोर्ट. ना एरर ना इशारा. आणि मीरा म्हणजे तुम्ही स्वतः असाल आणि मशीनवर सुडो असलेलं ते एकच अकाउंट असेल तर आता रूट व्हायचा रस्ताच बंद, रिकव्हरी मोडमध्ये जाऊन दुरुस्त करावं लागतं. म्हणून मला 'सुडो जीपासडब्ल्यूडी --ऍड मीरा रिपोर्ट' ही कमांड जास्त आवडते, ती एका वेळी एकाच ग्रुपला हात लावते, बाकीच्यांना धक्का लागूच शकत नाही. ग्रुपमधून काढायलाही तीच, '--ऍड' च्या जागी '--डिलीट'.

यानंतर हमखास येणारी तक्रार: ग्रुपमध्ये टाकलं तरी फोल्डर उघडत नाही. कारण ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी घेतली जाते आणि चालू सेशनला ती तशीच चिकटून राहते. तपासायची युक्ती अशी की मीराने नुसतं 'आयडी' चालवायचं आणि मग 'आयडी मीरा' चालवायचं. पहिलं चालू सेशनचे ग्रुप सांगतं, दुसरं यादीत आत्ता काय लिहिलंय ते सांगतं. दोन्हींत फरक दिसला तर पूर्ण लॉगआउट करून परत लॉगिन करायचं. घाई असेल तर 'न्यूजीआरपी रिपोर्ट' म्हटलं की त्या एका टर्मिनलपुरतं नवं शेल त्या ग्रुपसकट मिळतं.

आणि डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) ग्रुपबद्दल सावध राहा. त्यात माणूस टाकला म्हणजे त्याला रूट दिल्यासारखंच आहे, कारण कंटेनरमध्ये होस्टची अख्खी डिस्क माउंट करून तो काहीही वाचू-बदलू शकतो. 'फक्त डॉकर चालवायचंय' म्हणून सहज कोणालाही त्यात टाकलं जातं, ते टाळा.

सगळ्यांचं एक फोल्डर

ग्रुपचा खरा उपयोग इथे होतो. टीमने एकाच फोल्डरमध्ये काम करायचं, एकमेकांच्या फाइली बदलायच्या, बाहेरच्याला काही दिसू नये:

सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/रिपोर्ट
सुडो सीएचजीआरपी रिपोर्ट /एसआरव्ही/रिपोर्ट
सुडो सीएचमॉड 2770 /एसआरव्ही/रिपोर्ट

770 तर माहीत आहे, मालकाला सगळं, ग्रुपला सगळं, बाकीच्यांना शून्य. पुढचा 2 म्हणजे सेटजीआयडी, आणि सगळी गंमत त्याच्यात आहे. तो नसेल तर मीराने बनवलेली फाइल मीराच्या स्वतःच्या ग्रुपची होते आणि टीममधल्या समीरला ती मिळत नाही. तो असेल तर आत बनणारी प्रत्येक फाइल रिपोर्ट ग्रुपची होते, नव्या सबफोल्डरलाही तोच 2 आपोआप लागतो.

एवढं करूनही समीर म्हणेल की फाइल वाचता येते पण सेव्ह होत नाही. तिथे युमास्क आडवा येतो, म्हणजे नव्या फाइलीतून कुठल्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारा आकडा. तो 022 असेल तर नव्या फाइलीत ग्रुपची लिहायची परवानगी कापली जाते. एक तर टीमचा युमास्क 002 करा, किंवा त्या फोल्डरपुरतं एसीएल (परवानग्यांची जादा यादी) लावा, मला दुसरं बरं वाटतं कारण कोणाच्या सेटिंगवर अवलंबून राहावं लागत नाही:

सुडो सेटएफएसीएल --डिफॉल्ट --मॉडिफाय ग्रुप:रिपोर्ट:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/रिपोर्ट

(शेवटचं ते आर, डब्ल्यू, एक्स अशी तीन अक्षरं आहेत.) युजर बनवताना त्याच नावाचा वेगळा ग्रुप का बनतो असं अनेकांना वाटतं, त्याचं उत्तरही इथेच आहे. प्रत्येकाचा मुख्य ग्रुप स्वतःपुरता असला की 002 युमास्क ठेवूनही होममधल्या फाइली दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाहीत.

सुडो देताना

सुडो 1980 च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी न्यूयॉर्क राज्याच्या बफेलोमधल्या युनिव्हर्सिटीत लिहिलं आणि मूळ हेतू आजही तोच आहे, रूटचा पासवर्ड न वाटता ठराविक लोकांना ठराविक कामं करू देणं. पूर्ण अधिकार द्यायचे तर डेबियन-उबुंटूवर 'सुडो' ग्रुप, रेड हॅटकडे 'व्हील' ग्रुप, त्यात माणूस टाकला की झालं.

पण एकाच कामासाठी पूर्ण चावी देऊ नका. समजा रिपोर्ट टीमला फक्त वेब सर्व्हर रिस्टार्ट करायचाय:

सुडो व्हीआयसुडो --फाइल=/एटसी/सुडोअर्स.डी/रिपोर्ट

आणि आत एक ओळ:

%रिपोर्ट ऑल=(रूट) /यूएसआर/बिन/सिस्टमसीटीएल रिस्टार्ट एनजिनएक्स

टक्क्याचं चिन्ह म्हणजे हा ग्रुप आहे, 'ऑल' पूर्ण कॅपिटलमध्ये. फाइल साध्या एडिटरने उघडू नका, व्हीआयसुडो सेव्ह करताना व्याकरण तपासतं, चूक राहिली तर सुडोच चालेनासं होऊ शकतं. फाइलच्या नावात टिंब ठेवू नका, टिंब असलेल्या फाइली सुडो वाचतच नाही, त्यामुळे 'रिपोर्ट.कॉन्फ' असं नाव दिलंत तर नियम का लागत नाही हे शोधत बसाल. आणि व्हिम, लेस, फाइंड असल्या कमांड सुडोने देऊ नका, त्यांच्या आतून शेल उघडता येतं म्हणजे पूर्ण रूटच दिलं. शेवटी 'सुडो सुडो --लिस्ट --अदर-युजर=मीरा' चालवून बघा मीराला नेमकं काय मिळालंय, पहिल्या सुडोने आपण रूट होतो आणि दुसरी खरी कमांड.

नाव किंवा नंबर बदलणं

नाव बदलायला माणूस लॉगआउट झालेला हवा, मग:

सुडो युजरमॉड --लॉगिन मीराके --होम /होम/मीराके --मूव्ह-होम मीरा
सुडो ग्रुपमॉड --न्यू-नेम मीराके मीरा

नंबर तोच राहतो म्हणून फाइलींची मालकी जशीच्या तशी राहते. पण सुडोअर्समध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये जुनं नाव आणि जुना पाथ लिहिलेला असेल तर तो हाताने बदलावा लागतो.

नंबर बदलणं मात्र जपून. 'युजरमॉड --यूआयडी 1050' केलं की होममधल्या त्याच्या फाइलींना नवा नंबर लागतो, होमच्या बाहेरच्या तशाच जुन्या नंबरवर राहतात. ही वेळ बहुतेक तेव्हा येते जेव्हा दोन मशीन एनएफएसने (नेटवर्कवरून डिस्क वाटून घ्यायची पद्धत) एकच डिस्क वापरतात आणि एकीकडे मीरा 1003 आहे आणि दुसरीकडे 1003 म्हणजे समीर. नेहमीच्या एनएफएस सेटिंगमध्ये फक्त नंबर बघितला जातो, मग दुसऱ्या मशीनवर समीरला मीराच्या फाइली उघडतात. जिथे एकापेक्षा जास्त मशीन आहेत तिथे अकाउंट उघडतानाच '--यूआयडी' ठरवून द्या.

माणूस गेल्यावर

घाईने युजरडेल मारू नका, आधी बंद करा, डिलीट नंतर.

बंद करायला 'पासडब्ल्यूडी --लॉक' आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते हॅशच्या पुढे फक्त एक उद्गारचिन्ह लावतं, म्हणजे पासवर्ड चालत नाही, एवढंच. एसएसएच की (दुसऱ्या मशीनवरून पासवर्डशिवाय लॉगिन करायची किल्लीची फाइल) ठेवलेली असेल तर तो माणूस अजूनही आरामात आत येऊ शकतो. म्हणून:

सुडो युजरमॉड --लॉक --एक्स्पायरडेट 1 मीरा

1 म्हणजे 2 जानेवारी 1970, अकाउंटची मुदत केव्हाच संपली, आता की असली तरी लॉगिन नाही. परत चालू करायचं झालं तर '--अनलॉक' आणि '--एक्स्पायरडेट' ला रिकामं अवतरणचिन्ह. यानेही आधीपासून चालू असलेलं सेशन तुटत नाही, ते वेगळं तोडायचं:

सुडो लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर मीरा

मग 'सुडो क्रॉनटॅब -यू मीरा -एल' ने बघा तिच्या नावाने काही ठरलेल्या वेळी चालतंय का. असेल तर ते दुसऱ्या कुठल्या अकाउंटवर न्यायचं ते टीमला विचारून ठरवा. आणि 'सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -युजर मीरा' ने होमबाहेरच्या फाइलींची यादी काढा. एक्सडेव्हमुळे शोध एकाच फाइलसिस्टिमपुरता राहतो, वेगळ्या पार्टिशनवर डेटा असेल तर तिथे पुन्हा चालवा. कामाच्या फाइली समीरला द्यायच्या असतील तर:

सुडो सीएचओन --रिकर्सिव्ह --फ्रॉम=मीरा समीर /एसआरव्ही/रिपोर्ट

'--फ्रॉम' मुळे फक्त मीराच्याच फाइलींचा मालक बदलतो, बाकीच्यांच्या तशाच राहतात.

होमचा बॅकअप घेऊन झाला, थोडे आठवडे कोणी काही मागितलं नाही, की मग 'सुडो युजरडेल --रिमूव्ह मीरा'. यात होम आणि मेलची फाइल जाते, दुसरं काही नाही. म्हणून फाइंडची पायरी गाळू नका. कारण समजा '/ऑप्ट' मध्ये तिची एक फाइल राहून गेली. आता एलएस -एल मारलंत तर मालकाच्या जागी नाव नाही, नुसतं 1003 दिसेल. तिथपर्यंतही ठीक, पण युजरऍड नवा नंबर देताना सध्याच्या सगळ्यात मोठ्या नंबरच्या पुढचा देतं, आणि मीरा जर यादीत शेवटची होती तर तिच्यानंतर येणाऱ्या पहिल्या नव्या माणसाला 1003 हाच नंबर मिळतो. त्या क्षणी '/ऑप्ट' मधली ती फाइल त्याची होते, त्याने काहीही न करता. फाइलीत एखादा डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तोही त्याला वाचता येतो. डेबियनचं ऍडयुजर तर मधले रिकामे झालेले नंबरही परत वापरतं.

त्यामुळे मी तरी माणसांची अकाउंट शक्यतो कायमची बंद ठेवतो, ओळ यादीत राहू देतो, म्हणजे नंबर दुसऱ्या कोणाला जात नाही आणि जुन्या लॉगमध्येही नाव नीट दिसतं. डिलीट करायचंच असेल तर आधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासा. बेवारस फाइली शोधायची कमांड ही:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह '(' -नोयुजर -ओ -नोग्रुप ')' -एलएस

अधूनमधून बघायच्या गोष्टी

'गेटएंट ग्रुप सुडो' (किंवा व्हील) चालवून त्या ओळीतलं प्रत्येक नाव आजही तिथे असायला हवं का ते बघा, डॉकर ग्रुपचंही तसंच. 'सुडो पासडब्ल्यूडी --स्टेटस मीरा' ने अकाउंट लॉक आहे की चालू ते कळतं, 'लास्ट मीरा' ने शेवटचं लॉगिन. फाइली कधी हाताने बदलाव्या लागल्याच तर व्हीआयपीडब्ल्यू आणि व्हीआयजीआर वापरा, दोघं एकाच वेळी बदल करणार नाहीत याची काळजी ते घेतात, आणि नंतर 'सुडो पीडब्ल्यूसीके --रीड-ओन्ली' आणि 'सुडो जीआरपीसीके --रीड-ओन्ली' चालवा, रकाना चुकलाय, होमच नाहीये, शॅडोत ओळ नाहीये असं काही असेल तर ते सांगतात आणि स्वतः काही बदलत नाहीत.